कम्प्युटरला पोळ्याचं आवतन

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. पहिली गोष्ट, पांढुर्ण्यात कम्प्युटरचं बटण दाबणारा पहिला माणूस मी, मोरेश्वर! दुसरी गोष्ट, जेवताना माझ्या हातून शीतसुद्धा सांडत नाही. माझी बायको सुधा चारचौघांत सांगते, "यांचं ताट धुवायची गरजच नसते, नुसतं पालथं घालायचं!" पांढरा सदरा घालून मी सावजीचा रस्सा खातो आणि सदरा तसाच पांढरा घेऊन घरी येतो. पहिल्या गोष्टीला गावात आजही दोन-चार जण हरकत घेतात. दुसरीवर तर कोणी विश्वासच ठेवत नाही. का ठेवत नाही, त्याचीच ही कथा आहे.

साल अठ्ठ्याऐंशी. स्टेशनच्या रस्त्याला आमची शेतकऱ्यांची सहकारी संस्था होती. खत, बियाणं, फवारणीची औषधं असा सगळा कारभार, आणि मी तिथे क्लार्क. आमचे अध्यक्षसाहेब एकदा भोपाळला गेले आणि तिथल्या कुठल्याशा ऑफिसात कम्प्युटर पाहून आले. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. कम्प्युटर पाहिजे म्हणजे पाहिजे! पण चालवणार कोण? आमचे व्यवस्थापक अरविंदबाबू टेबलफॅनचं बटणही रुमालाने दाबायचे. कॅशिअर विजयमालाबाई म्हणाल्या, "मी बाई त्या पेटीच्या जवळपासही फिरकणार नाही." मग मी छाती पुढे काढली. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन पंधरा दिवसांचा कोर्स केला. गेलो तेव्हा नुसता मोरेश्वर होतो, आलो तो कम्प्युटरबाबू होऊन आलो!

यंत्राला स्वतंत्र खोली हवी होती. संस्थेत मोकळी अशी एकच खोली, बैलांच्या वैरणीची. वैरण बाहेर काढली, खोलीला चुना मारला, खिडकीला पडदा लावला आणि दारात पाटी ठोकली, 'चपला बाहेर काढा'. अध्यक्षसाहेबांपासून हमालापर्यंत सगळे चपला काढून आत येऊ लागले. आत येऊन करायचं काय, हे मात्र माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. मी गादीच्या खुर्चीवर बसून गंभीर चेहऱ्याने एखादं बटण दाबत असे, आणि माणसं माना डोलावत परत जात.

आता बैल कोणाचे, ते सांगतो. संस्थेची एक बंडी, म्हणजे बैलगाडी होती आणि बंडीला एक जोडी होती. कोसा आणि चांद्या. स्टेशनच्या मालधक्क्यावरून खताची पोती गोदामात आणायची, हे त्यांचं काम. त्यांचा गाडीवान गुलाब. तोच रात्रीचा रखवालदारही. गुलाबला मूलबाळ नव्हतं. घरी तो आणि त्याची बायको चंद्रकला. उरलेला सगळा संसार संस्थेच्या अंगणात निंबाखाली बांधलेला असायचा. वैरणीच्या खोलीत कम्प्युटर आला तरी कोसा सवयीने खिडकीतून तोंड आत घालायचा आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहायचा की जणू त्याचा कडबा मीच खाल्ला!

कम्प्युटर आला त्या दिवशी गुलाब चपला काढून, टोपी काढून, दारातच उभा राहिला.

"भाऊ, याले पाणी पाजा लागते का जी?"

"नाही रे गुलाब."

"चारा?"

"विजेवर चालतं ते."

"अन् काम कराले चांगलं हाय म्हणता?"

"दहा माणसांचं काम एकटं करतं!"

"बापा! मंग गरीब दिसते बिचारं. आवाजही नाही करत."

त्या दिवसापासून तो येता-जाता खिडकीतून यंत्राला नमस्कार करू लागला. मी हसायचो. सगळेच हसायचे.

पण श्रावण निम्मा सरला आणि अध्यक्षसाहेबांनी दुसरा बार उडवला. संस्था आता आधुनिक झाली होती. कम्प्युटरवाल्या संस्थेच्या अंगणात शेण शोभत नाही! खत आणायला ट्रक लावायचा आणि पोळा झाला की जोडी सौसरच्या बाजारात नेऊन विकायची.

गुलाब माझ्याकडे आला. आला म्हणजे दाराशी येऊन खाली बसला.

"मोरेश्वरभाऊ, साहेब जोडी विकून राहिले."

"ऐकलं मी. काय करतोस, जमाना बदलून राहिला."

"बदलू द्या ना जमाना, त्याले कोण अडवून राहिलं? पण दोन बैलाइनं त्याचं काय बिघडते? कोसा वासरू होता तवापासून माह्या हातचा हाय. सकाळी उठून कोणाले हाक मारू जी म्या? चंद्रकला म्हणते, तुमी मले एवढ्या हाका कधी मारल्या नाही!"

तो हसला, पण डोळे भरले होते. आणि माझ्या अंगात नवा नवा कम्प्युटर शिरलेला! मी म्हणालो, "ऐक. पोळ्याच्या दिवशी मशीनचं उद्घाटन आहे. गावागावचे शेतकरी बैल घेऊन येतील, त्यांच्यासमोर मशीन चालणार. साहेब खुश होणार. त्याच क्षणी मी हात जोडतो आणि म्हणतो, साहेब, बक्षीस म्हणून एवढी जोडी राहू द्या. कम्प्युटर चालवणाऱ्या माणसाचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत!"

"मशीन चालंन ना पण, भाऊ?"

"चालेल म्हणजे? माझा हात लागला की ते झोपेतसुद्धा चालतं!"

गुलाब उठला, आधी माझ्या आणि मग यंत्राच्या पाया पडला. त्या दिवसापासून त्याची सगळी भिस्त त्या पेटीवर. रोज सकाळी विचारायचा, "बरी हाय ना तब्येत?" मला वाटायचं माझी विचारतोय. मी म्हणायचो, "बरी आहे." तो म्हणायचा, "तुमची नाही जी, मशीनची!"

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानांनी हळूहळू शेकायचं आणि बैलाच्या कानाशी लागून जेवायचं निमंत्रण द्यायचं. मी घरी निघालो तेव्हा गुलाब निंबाखाली पितळी वाटी घेऊन बसला होता. कोसाने मान खाली घातली होती, आणि गुलाब त्याच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी खोलीची किल्ली नेहमीप्रमाणे गुलाबच्या हातात दिली. "कोसाला सांग, काळजी करू नको म्हणावं. कम्प्युटरबाबू आहे."

"सांगतो जी," गुलाब म्हणाला. वाटीत लोणी अजून पुष्कळ शिल्लक होतं. मला ते दिसलंही होतं, पण लोणी दिसलं म्हणून कोणी चौकशी करतं का?

पोळ्याची सकाळ. संस्थेचं अंगण माणसांनी आणि बैलांनी भरून गेलं. कोसा-चांद्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. गुलाब धुतलेलं धोतर नेसून नवरदेवाच्या बापासारखा मिरवत होता. मला पाहून तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, काल मशीनलेही आवतन देल्लं बरं!"

मी मोठ्याने हसलो. "छान केलंस! येते म्हणाली का जेवायला?"

"हासू नोका जी. कामाचं जनावर हाय. अन् आज माह्यी जोडी त्याच्याच हाती हाय."

मी त्याची पाठ थोपटली. एवढ्यात अध्यक्षसाहेबांची जीप आत आली आणि बोलणं तिथेच राहिलं.

नारळ फुटला. यंत्राला कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. खोलीत अध्यक्षसाहेब, अरविंदबाबू, विजयमालाबाई, दारात आणि खिडकीत मिळून अर्धा पांढुर्णा. मी बाह्या सरसावल्या. आमच्या यंत्राला फ्लॉपी नावाची काळी चौकोनी तबकडी लागायची. ती त्याच्या पुढच्या फटीत घातल्याशिवाय ते जागंच व्हायचं नाही. एरवी ती घालताना थोडी अडायची. त्या दिवशी सुळ्ळकन आत गेली! मला वाटलं, वा, हाताला काय सफाई आली आहे माझ्या!

बटण दाबलं. आतून कर्र कर्र आवाज आला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अक्षरं वाचली आणि माझ्या टाळ्या हातातच राहिल्या.

"काय म्हणते?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"तबकडी मागतं, साहेब."

"मंग द्या ना! कंजूसी कायले करून राहिले?"

"दिली, साहेब. पोटात आहे त्याच्या."

"अजून एक द्या!"

पहिली काढून दुसरी घातली. तीही सुळ्ळकन गेली. पुन्हा कर्र कर्र, पुन्हा तेच. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "उपाशी हाय हो, सणाच्या दिवशी!" हशा पिकला. अध्यक्षसाहेब हसले नाहीत.

सीताबर्डीच्या कोर्सात एक मंत्र शिकवला होता. यंत्र अडलं तर बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. मी बंद केलं, थांबलो, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. वायर काढली, पुसली, लावली. दुसऱ्या भोकात लावली. घाम फुटला. दारात गुलाब हात जोडून उभा होता. त्याचे ओठ हलत होते आणि डोळे त्या हिरव्या अक्षरांवरून हलत नव्हते.

मग सल्ले सुरू झाले! विजयमालाबाई म्हणाल्या, "नजर लागली! एवढ्या लोकांपुढे उघडी ठेवतात का?" यंत्राजवळ न फिरकण्याची त्यांची प्रतिज्ञा मोडली आणि त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. निम्म्या मोहऱ्या बटणांच्या फटीत गेल्या. अध्यक्षसाहेबांनी आपल्या घरच्या रेडिओला देतात तशी एक थप्पड यंत्राच्या कानाखाली दिली. यंत्राने कर्र केलं आणि पुन्हा तबकडी मागितली. शेवटी अरविंदबाबूंना साक्षात्कार झाला.

"साहेब, ओल! श्रावणाची ओल धरली त्याने. गोदामात खताचे गोळे होतात, मग याचं काय होईल? उन्हात ठेवा!"

मी नाही नाही म्हणेपर्यंत चौघांनी टेबलासकट यंत्र उचललं आणि अंगणात निंबाच्या बाजूला उन्हात नेऊन ठेवलं. हार गळ्यात तसाच. लोक गोल करून उभे राहिले. आता ऊन खाऊन ते काय करतं, हे पाहायला बैलसुद्धा माना वळवून उभे होते.

पहिल्यांदा चांद्याने हार खाल्ला. हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण मग कोसा पुढे आला. त्याने यंत्राला खालून वर हुंगलं, तबकडीच्या फटीशी नाक नेलं आणि चाटायला सुरुवात केली. डोळे मिटून, निवांत, एखाद्या गायीने वासराला चाटावं तसा! लोक पोट धरून हसू लागले. गुलाब तेवढा हसला नाही. तो मोठ्या आशेने म्हणाला, "पहा, पहा जी! कोसा मनवून राहिला त्याले!"

मी मात्र गार पडलो. कोसा चोखंदळ जनावर. गूळसुद्धा हुंगून खायचा. तो लोखंडाची पेटी का चाटेल? मी वाकून पाहिलं. फटीच्या कडेने पिवळा, तेलकट थर होता. पेटीच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवल्याच्या पिवळ्या खुणा होत्या आणि फटीत पळसाच्या पानाचा एक तुकडा अडकला होता. हळद आणि लोण्याचा वास आला. काल संध्याकाळी गुलाबने कम्प्युटरला नुसतं तोंडी आवतन दिलं नव्हतं. त्याची रीतसर खांदमळणी केली होती! आणि त्याला यंत्राचा खांदा कुठला वाटला असेल? जिथे रोज आम्ही तबकडी टोचतो, तिथे दुखत असणार. तिथे त्याने जरा जास्तच माया केली होती.

अध्यक्षसाहेबांनीही वाकून पाहिलं. बोट लावलं. बोट पिवळं झालं.

"हे काय हाय? तेल? मशीनमधी तेल?" त्यांचा आवाज चढला. "कोणाचं काम हाय हे? ज्यानं केलं तो आत्ताच्या आत्ता संस्थेच्या बाहेर!"

मी गुलाबकडे पाहिलं. त्याला अजूनही काही उमगलं नव्हतं. हळद-लोण्याने आजवर कोणाचं वाईट झालं होतं, की आज होईल? पिवळ्या खुणांची चौकशी चालली आहे एवढंच त्याला कळलं होतं आणि खुणा आपल्या, म्हणून तो मोठ्या अदबीने पुढे सरकत होता. त्याने तोंड उघडलं. "साहेब, ते तं म्या..."

"डबा!" मी एवढ्या जोरात ओरडलो की चांद्या दचकला. "माझा डबा सांडला, साहेब! काल! यंत्रावर!"

मला काय सुचलं, का सुचलं, ते विचारू नका. एवढंच डोक्यात आलं की बैल तर जाणारच होते, आता नोकरीही जाईल, आणि या वयात गुलाबला ठेवणार कोण? मला काढणं त्यांना शक्य नव्हतं. बिघडलेलं का होईना, ते यंत्र चालवणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता.

"काय होतं डब्यात?" अध्यक्षसाहेबांनी दात आवळून विचारलं.

"वरण, साहेब. फोडणीचं."

विजयमालाबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पण सुधाताई तर म्हणतात, यांच्या हातून शीत..."

"सांडलं!" मी म्हणालो. "एकदाच सांडलं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, गुलाबकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावून गप्प बसल्या. बाई शहाणी होती.

पण गुलाब! त्याचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. त्याने केलेले नवस, दिलेलं आवतन, जोडलेले हात, सगळ्यावर मी वरण ओतलं होतं. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमी?"

त्याही स्थितीत मी अध्यक्षसाहेबांपुढे हात जोडले. "साहेब, माझी चूक झाली. पण एक विनंती होती, ती जोडी जर..."

"तू? मशीनच्या तोंडात वरण ओतणारा माणूस मले बैल शिकवून राहिला? सणाचा दिवस हाय म्हणून सोडतो. बाजाराच्या दिवशी तूच जा सौसरले याच्यासंगं, अन् जोडी विकूनच ये!"

दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेक करायची आमच्या गावची जत्रा. सगळं गाव नदीवर, ऑफिसला कुलूप. त्याच्या पुढच्या दिवशी ट्रंककॉल लागला आणि नागपूरहून अनिल नावाचा इंजिनिअर गाडीने आला. पोरसवदा, पण हुशार. त्याने पेटी उघडली, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून आत फिरवला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वरण नाही हे. लोणी आहे."

"वरणावर तूप जरा जास्त होतं," मी म्हणालो.

"आणि पळसाचं पान?"

"पत्रावळीवर जेवत होतो."

"आणि मोहऱ्या?"

"सांगितलं ना, फोडणीचं होतं!"

तो हसला आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. त्याचा चहा निवायच्या आत यंत्र चालू झालं. तबकडी घातली तर मुकाट्याने जागं झालं. मी चपलाही न घालता अध्यक्षसाहेबांच्या घरी धावत गेलो.

"साहेब, चाललं! मशीन चाललं! आता तेवढी जोडी राहू द्या!"

साहेब झोपाळ्यावर बसले होते. खरंच खुश झाले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वा मोरेश्वर! मशीन चाललं ना? मंग आता बैल कायले पायजे?"

मी तिथेच उभा राहिलो. पोळ्याच्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, मी हात जोडले असते, तरी साहेब हेच म्हणाले असते. याच शब्दांत, अशीच पाठ थोपटून! मी गुलाबला दिलेला शब्द दिला तेव्हाच पोकळ होता. फक्त मला आणि गुलाबला ते ठाऊक नव्हतं. गुलाबला मी ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. ऐन पोळ्यात त्याची आशा मोडली, तेवढंच पुरे होतं.

सौसरच्या बाजारात गुलाब आदल्या दिवशीच जोडी घेऊन पायी गेला होता. मी बसने गेलो. गिऱ्हाईक चटकन मिळालं, कारण जनावरं देखणी होती. गुलाब त्या माणसाला समजावत होता, "चांद्याले डाव्या अंगानं जुपजा, उजव्या अंगानं बिचकते. कोसाले पाणी पाजताना शीळ वाजवा लागते, नाही तं पेत नाही. अशी." त्याने शीळ वाजवून दाखवली. घेणारा घाईत होता, "हो हो" म्हणत होता. गुलाबने पुन्हा वाजवली. "अशी जी. आखरीले जरा खाली आणजा." त्या माणसाने मान हलवली आणि दावं ओढलं. जोडी गेली. गुलाबने तरीही आणखी दोनदा शीळ वाजवली. मला रडू आवरेना, म्हणून मी पान खायचं निमित्त करून बाजूला गेलो.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. जुना कासरा गुलाबने मांडीवर गुंडाळून घेतला होता. वळण आलं की त्याचा हात नकळत कासरा आवळायचा आणि वळण सरलं की सैल सोडायचा. पांढुर्ण्यापर्यंत तो एकदाच बोलला.

"मोरेश्वरबाबू, डबा दुसरीकडं बसून खाल्ला असता तं?"

मी भाऊचा बाबू झालो होतो.

गुलाबला संस्थेत चपराशी केलं. तो सगळ्यांना हातात चहा द्यायचा, माझा कप मात्र टेबलाच्या दूरच्या कोपऱ्यावर ठेवून जायचा, यंत्रापासून लांब. बरोबरच होतं त्याचं! गावात तर माझं नाव झालं. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यापाशी आला की शेजारचे धोतर सावरून सरकून बसायचे. सुधा चिडून विचारायची, "मला खरं सांगा, तुम्ही वरण सांडलंच कसं? त्या दिवशी मी डब्यात भेंडीची भाजी दिली होती!" मी कूस बदलून झोपायचो. मनात यायचं, सांगून टाकावं. पण गुलाबला कळलं असतं की आपल्याच हाताने झालं, तर त्या हातांकडे तो पुन्हा पाहू शकला नसता. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा.

वर्ष गेलं. पुन्हा पोळ्याची आदली संध्याकाळ आली. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात गुलाब दारात येऊन उभा राहिला. हातात तीच पितळी वाटी, तीच हळद, तेच लोणी. अंगणातला निंब रिकामा होता. तिथे आता ट्रक उभा असायचा. तो वाटी घेऊन आधी ट्रकाभोवती फिरून आला असावा. त्याची नजर यंत्राकडे गेली. मी झटकन उठून मध्ये उभा राहिलो.

"याला नको, गुलाब."

"काऊन जी?"

"झटका देतं. विजेचं आहे."

तो थांबला. वाटीकडे पाहत म्हणाला, "मंग कोणाले लावू? चंद्रकलेनं सकाळीच लोणी काढून देल्लं. म्हणे, वाटी रिकामी केल्याबिगर घरी येऊ नोका."

मी खुर्ची फिरवली, त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि मान खाली घातली.

"मला लाव."

"तुम्हाले?"

"वर्षभर या संस्थेचं जू कोण ओढतंय? लाव!"

मग त्याचा हात माझ्या मानेवर टेकला. खरखरीत, ओला हात. सदऱ्यावरूनच तो खांदे चोळत राहिला, पळसाच्या पानाने हळूहळू शेकत राहिला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"येतो," मी म्हणालो. बैलांनी त्याला इतक्या वर्षांत कधी उत्तर दिलं नव्हतं. तो पहिल्यांदा हसला आणि मग हसता हसता रडला. मीही रडलो.

डोळे पुसून गुलाब म्हणाला, "भाऊ, वरीसभर लय राग धरला म्या तुमचा. जाऊ द्या. माणसाच्या हातून सांडते."

"सांडतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गुलाबच्या घरी जेवायला गेलो. त्याने मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पहिली पुरणपोळी आग्रहाने वाढली. मी जीव ओतून जेवलो. शपथेवर सांगतो, एक शीत इकडचं तिकडे झालं नाही! पण ते कोणाला कळणार? चंद्रकलाबाईंनी मी यायच्या आधीच माझ्या पाटाच्या चारी बाजूंनी जुनी वर्तमानपत्रं अंथरून ठेवली होती.